‘पोलीस ॲक्शन’मध्ये पोलीस नव्हतेच

लातूरच्या एका शाळेतल्या पोरांच्या कथा तपासत होते. एकीत हैदराबाद संस्थानातल्या रझाकारांचा, म्हणजे निजामाच्या बाजूने लढणाऱ्या सशस्त्र टोळ्यांचा काळ, आठ वर्षांचा नायक ज्वारीच्या कणगीत लपलेला, आणि शेवटी खाकीतले पोलीस लाठ्या घेऊन नळदुर्गात शिरतात. चूक त्या पोराची नाही. भारताने १९४८ मध्ये हैदराबाद संस्थान ताब्यात घेतलं, त्या कारवाईला ७५हून जास्त वर्षं आपणच ‘पोलीस ॲक्शन’ म्हणत आलोय.

नाव सोयीचं होतं. निजामाने प्रश्न संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेत नेलेला, आणि हा आमचा घरचा मामला आहे असं भारताला जगाला सांगायचं होतं. प्रत्यक्षात १३ सप्टेंबर १९४८ ला मेजर जनरल जे. एन. चौधरींच्या हाताखाली लष्कर सोलापूरकडून घुसलं, रणगाड्यांसकट, वरून विमानं. लष्करी नाव ऑपरेशन पोलो. नळदुर्ग पहिल्याच दिवशी ताब्यात आलं, १७ ला निजामाने युद्धबंदी जाहीर केली.

म्हणजे कणगीतल्या पोराला रणगाड्याच्या साखळ्यांचा खडखडाट ऐकू यायला हवा. आणि हो, गोष्ट १७ तारखेला संपवू नका. त्यानंतरच्या हिंसेत मुसलमान कुटुंबं भरडली गेली. या हिंसेची पाहणी करायला भारत सरकारने पाठवलेल्या सुंदरलाल समितीने सर्वाधिक झळ बसलेल्या जिल्ह्यांत उस्मानाबाद आणि नांदेडही मोजले. तिथंही एखादं आठ वर्षांचं पोर कणगीत दडून बसलं असेलच की.