कोलोनचे मनोरे आणि १७ मिलिमीटरची लेन्स

युरोपच्या सहलीहून परतलेल्या मंडळींच्या मोबाइलमध्ये एक छायाचित्र हमखास सापडते. जर्मनीतील कोलोनचे कॅथेड्रल, त्याचे दोन्ही मनोरे वर जाता जाता एकमेकांकडे झुकलेले आणि सगळी इमारत मागे रेलून पडण्याच्या बेतात! त्यावर ‘वाइड अँगल लेन्स आहे ना, ती वाकडेच दाखवणार’ असा शेराही ठरलेला असतो. १५७ मीटर उंचीचे हे मनोरे झुकवल्याचा आळ लेन्सवर येतो खरा, पण ती करणी असते कॅमेऱ्याचे तोंड वर करणाऱ्या हातांची.

फिशआय (कडेकडच्या सरळ रेषा वाकवून अतिशय रुंद दृश्य टिपणारी लेन्स) सोडली, तर चांगल्या प्रतीची वाइड अँगल लेन्स सरळ रेषा सरळच दाखवते, आणि हे शाळेतल्या भूमितीने समजते. मनोऱ्याची एक उभी कड घ्या. ती कड आणि लेन्सचा मध्यबिंदू मिळून एक प्रतल ठरते. कडेवरच्या कोणत्याही बिंदूपासून निघून लेन्सच्या मध्यातून जाणारा किरण याच प्रतलात राहतो. हे प्रतल कॅमेऱ्यातल्या सपाट सेन्सरला, म्हणजे प्रतिमा टिपणाऱ्या पट्टीला, जेथे छेदते तेथे कडेची प्रतिमा उमटते, आणि दोन प्रतलांचा छेद ही सरळ रेषाच असते. मात्र समांतर रेषा प्रतिमेतही समांतर राहतील, अशी हमी ही भूमिती देत नाही. सेन्सर त्या रेषांना समांतर असेल, म्हणजे कॅमेरा ओळंब्यात धरलेला असेल, तरच त्या समांतर उमटतात. तो वर कलवला, की उभ्या रेषा एका बिंदूकडे धावू लागतात.

हा बिंदू सेन्सरच्या मध्यापासून किती दूर पडतो, हे लेन्सच्या नाभीय अंतराला (लेन्सवर लिहिलेला मिलिमीटरमधला आकडा; तो जितका लहान, तितके दृश्य रुंद) कलाच्या कोनाच्या ‘टॅन’ने, म्हणजे त्रिकोणमितीतल्या टॅन्जंटने, भागले की मिळते. १७ मिमीची लेन्स २५ अंशांनी वर कलवली, तर तो सुमारे ३६ मिमीवर येतो. ३६ × २४ मिमीचा सेन्सर उभा धरला असता त्याची वरची कड मध्यापासून १८ मिमीवर असते. त्यामुळे मध्यावर दोन उभ्या रेषांमध्ये जेवढे अंतर आहे, त्याच्या जेमतेम निम्मे वरच्या कडेला उरते. तेवढ्याच कलाने ५० मिमीची लेन्स वापरली, तर तोच बिंदू १०७ मिमीवर जातो आणि रेषांचे जवळ येणे डोळ्यांत भरत नाही. वाइड अँगल लेन्स बदनाम होते ती येथे. खात्री करायची असल्यास जागा आणि कल न बदलता दोन्ही लेन्सने छायाचित्रे काढावीत आणि १७ मिमीच्या चित्राचा मधला तुकडा कापून मोठा करावा. तो ५० मिमीच्या चित्रावर रेषेला रेष जुळतो. यथार्थदर्शन (पर्स्पेक्टिव्ह) उभे राहण्याच्या जागेवरून ठरते, लेन्स फक्त त्यातला लहान-मोठा तुकडा उचलते.

यावरचा उपाय जुनाच आहे. छायाचित्रकार फ्रेडरिक एव्हान्स यांनी १९०३ मध्ये इंग्लंडमधील वेल्स कॅथेड्रलच्या झिजलेल्या पायऱ्यांचे प्रसिद्ध छायाचित्र काढले, त्या काळी भात्याच्या कॅमेऱ्यांत काचेची प्लेट उभी ठेवून लेन्सची पाटी तेवढी वर सरकवता येत असे. आजची शिफ्ट लेन्स हेच करते. कॅननने २००९ मध्ये आणलेली १७ मिमीची शिफ्ट लेन्स १२ मिमीपर्यंत सरकते. याचा लाभ कोलोनमध्ये मोजून पाहता येतो. कॅमेरा ओळंब्यात ठेवून साध्या १७ मिमीच्या लेन्सने मनोऱ्याचे टोक फ्रेममध्ये आणायचे, तर जवळजवळ १४८ मीटर मागे जावे लागते आणि चित्राचा खालचा अर्धा भाग फरसबंदीत वाया जातो. लेन्स १२ मिमी सरकवली, की १८ ऐवजी ३० मिमी उंचीचे दृश्य हाती येते आणि हेच काम सुमारे ९० मीटरवरून होते. दाट वस्तीच्या जुन्या शहरात तेवढ्यानेही काम साधते. संगणकावर रेषा सरळ करणाऱ्या प्रणाली गणिताने याच चित्रापर्यंत पोचतात, पण मनोऱ्याच्या टोकाकडचे मूठभर पिक्सेल ताणून पसरवल्यामुळे नेमके तेथलेच कोरीव काम पुसट होते.

आपल्या शेजारच्या जुन्या गोव्यातील से कॅथेड्रलच्या बाबतीत हा खटाटोप लागत नाही. १७७६ मध्ये एक मनोरा कोसळल्यापासून एकाच मनोऱ्यावर उभा असलेला त्याचा दर्शनी भाग सुमारे ३५ मीटर उंच आहे आणि समोर प्रशस्त हिरवळ आहे. साधारण ७० मीटर मागे जाऊन ३५ मिमीची लेन्स ओळंब्यात धरली, की काम झाले.

आत शिरल्यावर मात्र खरी गंमत सुरू होते. कोलोनचे छत ४३ मीटर उंच आहे आणि भिंतीला पाठ टेकल्यावर मागे सरकायला जागा उरत नाही. लेन्सच्या अक्षापासून, म्हणजे ती नेमकी जिकडे रोखलेली आहे त्या दिशेपासून, ठरावीक कोनावरचा बिंदू सेन्सरच्या मध्यापासून किती दूर पडेल, हे नाभीय अंतर गुणिले त्या कोनाचा टॅन यावरून ठरते, आणि टॅन हा मोठा खोडकर आहे. १७ मिमीच्या लेन्समध्ये मध्यापासूनचे पहिले १० अंश ३ मिमी जागा घेतात, तर कोपऱ्याच्या दिशेने ४० ते ५० अंशांमधले १० अंश ६ मिमी व्यापतात. आडव्या फ्रेमच्या बाजूच्या कडेला, म्हणजे अक्षापासून सुमारे ४७ अंशांवर, माणसाचे डोके उंचीच्या मानाने जवळजवळ दीडपट रुंद दिसते. सपाट भिंत सेन्सरला समांतर असेल तर ती अचूक उमटते, पण तिच्यासमोरच्या रांगेतले गोल खांब कडेकडे जाड होत जातात. कडेचा, म्हणजे डोळ्यापासून दूरचा खांब जवळच्यापेक्षा रुंद का काढावा लागतो, या कोड्याशी पिएरो देल्ला फ्रांचेस्का हा चित्रकार पंधराव्या शतकातच झुंजला होता, तेव्हा लेन्सवाला कॅमेरा कोठेच नव्हता.

याला दोष म्हणावे का? आपल्याभोवतीचे दृश्य गोलावर पसरलेले आहे आणि कागद सपाट आहे. संत्र्याची साल न फाडता, न ताणता सपाट करता येत नाही, तसेच हे आहे. गोल पृष्ठभाग विकृतीशिवाय सपाट करणे अशक्य आहे, हे गणितज्ञ गाउसने १८२७ मध्ये सिद्ध केले. फिशआय लेन्स कडेचा ताण कमी करते आणि त्या बदल्यात रेषा वाकवते. साधी वाइड अँगल लेन्स रेषा जपते आणि ताण पत्करते. कमानी आणि खांबांच्या वास्तूसाठी मला दुसरा सौदा बरा वाटतो.

चर्चच्या आतल्या अशा छायाचित्रांत कधी कधी प्रकाशाचे गोळे किंवा रंगीत ठिपक्यांची माळ दिसते आणि ती ‘दिव्य अस्तित्वाची खूण’ म्हणून फिरत राहते. गोळे हे बहुधा लेन्सजवळ तरंगणाऱ्या, फ्लॅशने उजळलेल्या धुळीचे कण असतात. ठिपक्यांची माळ ही लेन्सच्या भिंगांमध्ये झालेल्या परावर्तनांतून येते आणि तेजस्वी खिडकीपासून चित्राच्या मध्यातून पलीकडे एका रेषेत जाते. कॅमेरा किंचित फिरवला, की ही दिव्य खूण खिडकीच्या उलट दिशेने सरकते.

कडेचा ताण नाहीसा करण्याची एक जागा मात्र आहे. पंधराव्या शतकाच्या सुरुवातीला इटलीतील वास्तुकार ब्रुनेलेस्कीने फ्लॉरेन्सच्या कॅथेड्रलच्या दारात उभे राहून समोरच्या बाप्तिस्मागृहाचे चित्र रंगवले, चित्राच्या फळीला भोक पाडले आणि लोकांना मागून डोळा लावून समोरच्या आरशात ते पाहायला लावले. ते भोक सजावटीसाठी नव्हते, त्याने पाहणाऱ्याचा डोळा योग्य अंतरावर बांधून ठेवला होता. छायाचित्राचे योग्य अंतर म्हणजे नाभीय अंतर गुणिले चित्र जितके पट मोठे केले तो आकडा. १७ मिमीने काढलेले चित्र मोबाइलच्या १५ सेंटिमीटर रुंद पडद्यावर भरले, तर ते अंतर ७ सेंटिमीटर भरते, आणि इतक्या जवळचे आपल्या डोळ्यांना स्पष्ट दिसतच नाही. तेच चित्र १.८ मीटर रुंद छापून भिंतीवर लावले, तर ८५ सेंटिमीटरवर उभे राहावे लागते. प्रदर्शनात आपण सवयीने तीन पावले मागे जातो आणि कडेची डोकी पसरट दिसल्याची तक्रार करतो. त्याऐवजी चित्राच्या मध्यासमोर तेवढ्याच अंतरावर एक डोळा मिटून उभे राहावे. कडेचा कागद आता तिरपा दिसतो, या तिरपेपणामुळे त्यावरची रुंदी आक्रसते, आणि जाड झालेले खांब पुन्हा आपल्या मूळ मापावर येतात.