जुन्या पुस्तकात सापडतं ते विंचवाचं पिल्लू नव्हे

‘जुन्या पुस्तकांत दिसणारा बारीक, चिमटेवाला जीव म्हणजे विंचवाचं पिल्लू, चावलं तर खैर नाही,’ असा मजकूर अधूनमधून फिरत असतो. चिमटे पाहून कोणालाही तसं वाटेल. पण हा स्यूडोस्कॉर्पियन, म्हणजे विंचवासारखा दिसणारा वेगळाच अष्टपाद. घरांत सापडणारी त्याची सर्वपरिचित जात केलिफर कॅन्क्रॉइडिस.

ओळखायचं कसं? भिंगातून मागची बाजू पाहा. विंचवाच्या पिल्लालाही जन्मापासून शेपटी आणि नांगी असते, शिवाय पहिली कात टाकेपर्यंत ते आईच्या पाठीवरच बसून राहतं. इथे शेपटीच नाही. पोट मागे गोल होऊन संपतं. लांबी जेमतेम ३-४ मिलिमीटर. हळूच काडी लावली तर स्वारी चक्क उलटी पळते!

विष मात्र खरोखर असतं, तेही चिमट्यांत. पण ते कागदावरची बुरशी खाणाऱ्या किड्यांसारखी बारीक शिकार लुळी करण्यापुरतं. माणसाला त्याचा अपाय होत नाही.

झाडाची साल, पक्ष्यांची घरटी, गोठे हीही त्याची ठिकाणं. कधी माशीच्या पायाला लटकून प्रवास करतो. कपाटात दिसलाच तर मारू नका. पुस्तकं उन्हात ठेवा, कारण दमट कागदात त्याचं खाद्य वाढतं.