कुतानी चिनी मातीची भांडी

जपानच्या इशिकावा प्रांतात, मुख्यतः कोमात्सु, नोमी, कागा आणि कानाझावा या शहरांत बनणारी रंगीत चिनी मातीची भांडी. हिरवा, पिवळा, जांभळा, गडद निळा आणि लाल हे पाच रंग म्हणजे कुतानीची ओळख.

यांतले चार रंग म्हणजे रंगीत काचच. आपल्याकडच्या मीनाकामाचे तत्त्वही तेच. आधी भांडे सुमारे १,३०० अंश सेल्सिअसला भाजून पांढरे, झिलईदार करून घेतात. त्या झिलईवर काळ्या रेघांनी चित्र काढतात आणि रेघांवरूनच काचरंगाची कालवलेली पूड जाडसर चढवतात. त्या वेळी चित्र झाकोळून जाते. दुसऱ्या भाजणीत, सुमारे ८०० अंशांना, पूड वितळून पारदर्शक होते आणि बुडालेली रेघ पुन्हा वर दिसू लागते. तांब्यामुळे हिरवा येतो, मँगनीजमुळे जांभळा, कोबाल्टमुळे निळा. तयार ताटलीवरून बोट फिरवले, तर रंगाचा उंचवटा हाताला लागतो. लाल मात्र वेगळा. लोहापासून केलेला हा रंग अपारदर्शक असल्यामुळे तो पातळच लावतात. केसासारख्या बारीक रेघांचे कामही त्यातच होते.

१६५५ च्या सुमारास कुतानी गावात पहिली भट्टी लागली आणि जेमतेम अर्धशतकात थंडावली. ‘जुनी कुतानी’ म्हणून नावाजलेली बरीच भांडी मुळात आरिता येथे, म्हणजे क्यूशू बेटावरच्या चिनी मातीच्या भांड्यांच्या गावी, घडली असावीत, असे तिथल्या उत्खननात सापडलेल्या तुकड्यांवरून आता मानले जाते. १८०७ मध्ये क्योतोचे कुंभकार आओकी मोकुबेई यांच्या मदतीने कानाझावात हे काम पुन्हा सुरू झाले. १८२४ च्या योशिदाया भट्टीने लाल रंग वगळून उरलेल्या चार रंगांनी भांडे काठोकाठ भरले. कुतानीतले सर्वांत भारदस्त काम हेच. पुढे कुतानी शोझा यांनी (१८१६–८३) या रंगांना सोन्याची जोड दिली. मेइजी काळात (१८६८–१९१२) हा माल युरोप-अमेरिकेत खूप खपला, पण निर्यातीच्या घाईत सोने वाढले आणि रंगांची खोली हरवली.

ती खोली परत आणली तिसरे तोकुदा यासोकिची यांनी (१९३३–२००९). आजोबांकडून, म्हणजे पहिल्या यासोकिचींकडून, ते रंग बनवायला शिकले आणि पुढे त्यांनी चित्र व रेघ दोन्ही सोडून दिली. त्यांच्या थाळीत मधला पिवळा कळत-नकळत हिरवा होतो आणि कडेशी गडद निळ्यात विरतो; एक छटा कुठे संपली, ते बोट ठेवून सांगता येत नाही. १९९७ मध्ये त्यांना ‘जिवंत राष्ट्रीय ठेवा’ हा जपानचा सन्मान मिळाला. चौथे यासोकिची हे नाव आज त्यांची कन्या चालवते.