अमेरिकेतल्या रिकाम्या रस्त्यामागची गोष्ट

मुलाकडे किंवा लेकीकडे सहा महिने राहून अमेरिकेतून परत आलेले आई-वडील एक गोष्ट हमखास सांगतात. घर मोठं, हिरवळ छान, नातवंडं रमली आहेत. पण रस्त्यावर माणूस दिसत नाही. संध्याकाळी पाय मोकळे करायला निघावं तर कुत्र्याला फिरवणारं एखादं कोणी भेटतं, तेवढंच. दूध संपलं तरी गाडी काढावी लागते आणि गाडी चालवता येत नसेल तर मुलगा कामावरून येईपर्यंत थांबावं लागतं. ‘त्या लोकांना तसंच राहायला आवडतं’ असं म्हणून मग आपण तो विषय संपवतो.

मला हे उत्तर पटत नाही. १९४५ साली अमेरिकेतल्या शहरांत असंख्य माणसं ट्रामने कामावर जात होती, कोपऱ्यावरच्या दुकानातून पाव आणत होती, उकाड्याच्या रात्री इमारतीच्या पायऱ्यांवर गप्पा मारत बसत होती. आज दिसणारी राहणी त्यानंतरच्या वीस-पंचवीस वर्षांत उभी केली गेली. युद्धाच्या काळात हाताशी आलेली तंत्रं, सरकारी हमीचं कर्ज आणि कोणाला कुठे राहू द्यायचं याचे नियम, या तिन्हींतून ती घडली. यंत्रांविषयी पुष्कळ लिहिलं गेलं आहे. कर्ज आणि नियम मात्र बहुतेक वेळा सांगायचेच राहून जातात.

फेब्रुवारी १९४२ मध्ये अमेरिकेत सामान्य ग्राहकांसाठी मोटारी बनवणं थांबलं. कारखाने विमानं, रणगाडे आणि तोफांकडे वळले; साखर, कॉफी, पेट्रोल, टायर रेशनवर गेले. लोकांना काम होतं, पगार होता, पण विकत घ्यायला फारसं काही नव्हतं. पैसा बँकांत आणि युद्धरोख्यांत साचत गेला. सैन्यदलांत भरती झालेले सुमारे १ कोटी ६० लाख लोक घरी परतू लागले, लग्नं झाली, १९४६ साली सुमारे ३४ लाख मुलं जन्माला आली आणि १९५७ पर्यंत हा वार्षिक आकडा ४३ लाखांपर्यंत पोचला. घरं मात्र नव्हती. मंदीच्या दशकात बांधकाम थंडावलं होतं, युद्धात तर सिमेंट-लाकूडच लष्कराकडे गेलं. नवी जोडपी सासरच्या एका खोलीत किंवा लष्कराच्या पत्र्याच्या अर्धगोल छावण्यांत दिवस काढत होती.

विल्यम लेव्हिट हा बिल्डर युद्धात नौदलाच्या बांधकाम दलात होता. त्याआधी व्हर्जिनियातल्या नॉरफोकला युद्धकामगारांसाठी झटपट घरं बांधण्याचं कंत्राट त्याच्या कंपनीने घेतलं होतं, आणि तिथे वेग म्हणजे काय हे त्याला कळलं होतं. १९४७ मध्ये न्यूयॉर्कजवळच्या लाँग आयलंडवर, बटाट्याच्या शेतांच्या जागी, त्याने तो वेग वापरला. मोटारीच्या कारखान्यात मोटार पुढे सरकते आणि कामगार जागेवर उभा असतो. घर काही सरकत नाही, म्हणून इथे कामगारांच्या टोळ्या सरकू लागल्या. बांधकामाचे २७ टप्पे पाडले. एक टोळी नुसता काँक्रीटचा चौथरा ओतणार, दुसरी कापून आलेलं लाकूड उभं करणार, तिसरी फवाऱ्याने रंग मारणार. तळघराला फाटा दिला. ऐन भरात दिवसाला ३० घरं तयार होत होती आणि १९५१ पर्यंत तिथे १७,४४७ घरं उभी राहिली. १९४९ चं घर ७,९९० डॉलरना होतं आणि त्यात कपडे धुण्याचं यंत्रही मिळत होतं. पुढच्या वर्षीच्या घरात तर जिन्याखालच्या भिंतीत टीव्हीच बसवून दिला जाई.

पण एवढं स्वस्त घरसुद्धा कारखान्यातल्या कामगाराने घेतलं कसं? विसाच्या दशकात घरकर्ज साधारण पाच-दहा वर्षांचं असे आणि किमतीचा मोठा हिस्सा आधी रोख मोजावा लागे. १९३४ मध्ये संघीय गृहनिर्माण प्रशासन स्थापन झालं आणि सरकार कर्जाचा विमा उतरवू लागलं. जून १९४४ मध्ये राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट यांनी माजी सैनिकांसाठीच्या कायद्यावर सही केली. त्यातून सुमारे २२ लाख माजी सैनिक कॉलेजात गेले आणि लाखोंना हमीचं घरकर्ज मिळालं. माजी सैनिकाला आधी काहीही न भरता, महिना साठ डॉलरच्या आतल्या हप्त्यावर लेव्हिटचं घर मिळत होतं. शहरातलं भाडं याहून जास्त पडे. घर आवडलं म्हणून लोक शहराबाहेर गेले हे खरंच आहे, पण हिशेबही त्याच बाजूने लावून ठेवलेला होता.

आणि तो सगळ्यांसाठी नव्हता. लाँग आयलंडवरच्या या वस्तीचं नाव लेव्हिटटाऊन; तिथल्या सुरुवातीच्या करारात २५ वं कलम होतं: घरकामाची माणसं सोडली तर गोऱ्यांशिवाय कोणालाही त्या घरात राहू द्यायचं नाही. ही एका बिल्डरची लहर नव्हती. अशा अटी असलेल्या वस्त्या कर्जविम्यासाठी चांगल्या, असं त्या गृहनिर्माण प्रशासनाचं धोरणच होतं. १९४७ मध्ये मिसिसिपीतल्या १३ शहरांत माजी सैनिकांच्या योजनेतली ३,२२९ हमीची कर्जं दिली गेल्याची नोंद आहे. त्यांपैकी काळ्या सैनिकांना मिळाली २. हा आकडा मी पहिल्यांदा वाचला तेव्हा छपाईची चूक असेल असं वाटलं होतं.

१९४८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की असे करार न्यायालयांना अमलात आणता येणार नाहीत. कलम गेलं, पण लेव्हिट काळ्या कुटुंबांना घर विकायला नकारच देत राहिला. ऑगस्ट १९५७ मध्ये बिल आणि डेझी मायर्स या काळ्या जोडप्याने लेव्हिटच्याच पेनसिल्व्हेनियातल्या दुसऱ्या लेव्हिटटाऊनमध्ये एका गोऱ्या मालकाकडून घर घेतलं. बिल माजी सैनिक, डेझी शिक्षिका, लहान मुलं पदरात. रोज रात्री घरासमोर जमाव जमू लागला. दगड आले, खिडक्या फुटल्या, परिसरात क्रूस जाळला गेला, म्हणजे काळ्यांना धमकावण्याची वंशवाद्यांची जुनी रीत. अखेर राज्य सरकारला न्यायालयात जाऊन जमावाविरुद्ध मनाई हुकूम आणावा लागला. मायर्स कुटुंब हललं नाही.

याच काळात दक्षिणेकडे एक वेगळं यंत्र शेतात उतरलं, आणि माझ्या मते टीव्हीपेक्षा किंवा फ्रिजपेक्षा त्याने अमेरिका जास्त बदलली. २ ऑक्टोबर १९४४ रोजी मिसिसिपीत क्लार्क्सडेलजवळच्या हॉपसन मळ्यावर बघ्यांची गर्दी झाली होती. इंटरनॅशनल हार्वेस्टर कंपनीची आठ लाल यंत्रं कापसाच्या ओळींतून निघाली. त्यांच्या पुढच्या भागात ओल्या, दातेरी, गरगर फिरणाऱ्या चात्या होत्या. बोंडातला कापूस त्यांना गुंडाळला जाई आणि मागची चाकं तो सोडवून टोपलीत टाकत. हाताने वेचणारा चांगला मजूर तासाला २० पौंड कापूस वेचत असे, यंत्र सुमारे हजार पौंड. मळामालकाने हिशेब मांडला: यंत्राने एका गासडीची वेचणी ५ डॉलर २६ सेंटला, हाताने ३९ डॉलर ४१ सेंटला.

यवतमाळ-अकोल्याकडच्या वाचकाला या आकड्यांचं वजन लगेच कळेल. आपल्याकडे कापूस आजही मुख्यतः हातानेच वेचला जातो आणि वेचणीला माणूस मिळत नाही हे गाऱ्हाणं दर हंगामात असतं. मिसिसिपीतही युद्धामुळे मजूर कमी झाले होते, म्हणूनच मालकांना यंत्राची निकड वाटली. म्हणजे माणसं जाऊ लागली म्हणून यंत्र आलं आणि यंत्र आलं म्हणून उरलेली माणसंही निघाली. तिथली काळी कुटुंबं पिढ्यान्‌पिढ्या गोऱ्या मालकांची जमीन बटाईने कसत होती. बियाणं, खाणंपिणं मालकाच्या दुकानातून उधार, हंगामाअखेर हिशेब मालकाच्याच वहीत. सगळी वेचणी यंत्रावर जायला साधारण पंचवीस वर्षं लागली. साठचं दशक संपताना मजुराची गरज जवळजवळ उरलीच नव्हती. १९४० ते १९७० या काळात सुमारे ५० लाख काळे अमेरिकन दक्षिण सोडून उत्तरेला आणि पश्चिमेला गेले. क्लार्क्सडेलच्या लोकांची वाट ठरलेली होती: इलिनॉय सेंट्रलची आगगाडी, आणि शिकागो. तिथे पोचल्यावर नव्या उपनगरांची दारं बंद होती. जुन्या शहरातल्या मोजक्याच वस्त्यांत जागा मिळे, आणि तिथे बँका कर्ज देत नसत.

त्या वस्त्यांवरून मग रस्ते गेले. १९१९ मध्ये तरुण लष्करी अधिकारी आयसेनहॉवर वॉशिंग्टनहून सॅन फ्रान्सिस्कोला गेलेल्या मोटार-काफिल्यात होते. त्या प्रवासाला ६२ दिवस लागले होते. पुढे जर्मनीतले महामार्ग त्यांनी पाहिले. २९ जून १९५६ रोजी राष्ट्राध्यक्ष म्हणून त्यांनी ४१,००० मैलांच्या महामार्गजाळ्याच्या कायद्यावर सही केली. खर्चाचा ९० टक्के भार केंद्राकडे, पैसा मुख्यतः इंधनावरच्या करातून.

हे सगळं एकाच ठिकाणी पाहायचं तर मिनेसोटातल्या मिनियापोलिस आणि सेंट पॉल या जोडशहरांकडे पाहावं. १९५४ मध्ये तिथली शेवटची ट्राम बंद झाली. ऑक्टोबर १९५६ मध्ये मिनियापोलिसजवळच्या ईडायना या उपनगरात साउथडेल उघडलं. छताखालचं, बाराही महिने एकाच तापमानाचं, चारी बाजूंनी पार्किंगने वेढलेलं बाजारपेठेचं संकुल, म्हणजे आजच्या मॉलचा मूळ नमुना. व्हिक्टर ग्रुएन हा त्याचा वास्तुरचनाकार व्हिएन्नाहून नाझींमुळे परागंदा होऊन आलेला होता. गाडीवर जगणाऱ्या उपनगरवासीयांना चालायला, भेटायला व्हिएन्नासारखा चौक मिळावा, भोवती घरं, शाळा, दवाखाने यावेत अशी त्याची इच्छा होती. मॉल तेवढा उरला, बाकीचं आलं नाही, आणि उतारवयात ग्रुएनने स्वतःच या संकुलांशी नातं तोडलं. त्याच १९५६ च्या सुमारास सेंट पॉलमधल्या रॉन्डो या वस्तीत पाडापाड सुरू झाली. शहरातल्या काळ्या लोकांची ही मुख्य वस्ती. तिची दुकानं, चर्चेस, मंडळं, शिकलेला मध्यमवर्ग. आय-९४ महामार्ग तिच्या मधोमध नेला गेला आणि १९६८ मध्ये तो तिथून सुरू झाला. उपनगरातल्या माणसाची कार्यालयापर्यंतची वाट सोपी झाली ती अशी.

घराच्या आतले बदल सगळ्यांच्या परिचयाचे आहेत, त्यांतले दोनच घेतो. पहिला गारव्याचा. विलिस कॅरिअरने हवा थंड आणि कोरडी करणारी यंत्रणा १९०२ मध्येच ब्रुकलिनच्या एका छापखान्यासाठी आखली होती, पण खिडकीत बसणारा परवडणारा एसी पन्नासच्या दशकात आला आणि १९५३ साली एका वर्षात दहा लाखांहून जास्त विकले गेले. ॲरिझोनाच्या वाळवंटातलं फीनिक्स १९५० मध्ये सुमारे १ लाख ७ हजार वस्तीचं होतं, १९६० मध्ये ४ लाख ३९ हजारांचं. शहराची हद्द वाढवली गेली हा त्यातला मोठा भाग, पण गारव्याशिवाय एवढे लोक तिथे टिकले नसते. दक्षिणेतल्या घरांना रुंद ओसरी असे, ओसरीवर झोपाळा असे. संध्याकाळी माणसं तिथे बसत आणि जाणाऱ्या-येणाऱ्याशी बोलत. नव्या घरांतून ओसरी गेली, खिडक्या बंद झाल्या. रिकाम्या रस्त्याचं हे सर्वांत साधं कारण.

दुसरा बदल बायकांच्या कामाचा. यंत्रांनी गृहिणीला मोकळा वेळ दिला असं जाहिराती सांगत होत्या. वेळेच्या नोंदींचा अभ्यास झाला तेव्हा दिसलं की पूर्णवेळ गृहिणी विसाच्या दशकात आठवड्याला सुमारे ५२ तास घरकाम करत होती आणि साठच्या दशकात सुमारे ५५ तास. इतिहासकार रूथ श्वार्ट्‌झ कोवन यांनी याचं कारण उलगडून दाखवलं. पूर्वी धुणं बाहेर जाई किंवा धोबीण येई, किराणा आणि दूध दारात येई, नवरा लाकडं फोडी, मुलं पाणी भरत. यंत्र आल्यावर ही सगळी कामं एकटीच्या अंगावर आली; वर कपडे रोज बदलायचे झाले आणि मुलांना गाडीने सगळीकडे सोडणं हे नवं काम जमा झालं.

टीव्ही १९५० मध्ये दहातल्या एका घरीही नव्हता, १९६० पर्यंत जवळजवळ नऊ घरांत पोचला. त्याने शेजार तोडला, हे आपण म्हणतो तेव्हा त्याची दुसरी बाजूही सांगायला हवी. मे १९६३ मध्ये अलाबामातल्या बर्मिंगहॅममध्ये समान हक्कांसाठी मोर्चा काढणाऱ्या काळ्या शाळकरी मुलांवर पोलिसांनी सोडलेले कुत्रे आणि पाण्याचे जोरदार फवारे, आणि ७ मार्च १९६५ रोजी त्याच राज्यातल्या सेल्माच्या पुलावर काळ्यांच्या मतदानाच्या हक्कासाठी निघालेल्या मोर्चेकऱ्यांवर चाललेल्या लाठ्या, ही दृश्यं त्याच बंद खिडक्यांच्या दिवाणखान्यांत पोचली. सेल्माच्या रात्री एका वाहिनीने चालू चित्रपट थांबवून ती दाखवली. ज्या वस्त्या काळ्या माणसाला दूर ठेवण्यासाठी आखल्या होत्या, तिथे तो पडद्यावरून घरात आला आणि त्याला मारताना लोकांनी पाहिलं.

ऑक्टोबर १९६५ मध्ये स्थलांतराचा कायदा बदलला आणि आशियातल्या शिकलेल्या लोकांना अमेरिकेची वाट खुली झाली. पुण्या-मुंबईचे डॉक्टर, इंजिनिअर मोठ्या संख्येने गेले ते त्यानंतर. ११ एप्रिल १९६८ रोजी, मार्टिन ल्यूथर किंग यांची हत्या होऊन आठवडा झाला असताना, घर विकताना किंवा भाड्याने देताना वंश, रंग, धर्म किंवा मूळ देश पाहून नकार देण्यास बंदी घालणारा कायदा झाला. मुलाच्या किंवा लेकीच्या ज्या घरासमोर आपले आई-वडील संध्याकाळी फेऱ्या मारतात, ते त्यांना या कायद्याच्या आधाराने घेता आलं.