खेळात छोटे राज्य समाविष्ट करताना नकाशाची फाइल कशी सांभाळावी : ग्राहकांसाठी माहितीपत्रक

‘युरोपा युनिव्हर्सॅलिस ४’ या संगणकावरील ऐतिहासिक डावपेचांच्या खेळात आपल्या भागातले राज्य असावे, अशी मागणी घेऊन नाशिक व आसपासच्या तालुक्यांतून अनेक ग्राहक आमच्याकडे येतात. कोणाला जव्हारचे मुकणे संस्थान हवे असते, कोणाला सुरगाणा, तर कोणाला बागलाणची हद्द साल्हेर-मुल्हेरपर्यंत नीट आखून हवी असते. ही मागणी रास्त आहे. सह्याद्रीच्या घाटमाथ्यावरील ही राज्ये लहान असली तरी त्यांच्याशिवाय खानदेश आणि कोकण यांमधला प्रदेश नकाशावर कोरा वाटतो. मात्र आमचा सर्वाधिक वेळ राज्य घडवण्यात न जाता ग्राहकांनी आणलेला बिघडलेला नकाशा दुरुस्त करण्यात जातो, म्हणून हे माहितीपत्रक काढले आहे.

आपण खेळात जो नकाशा पाहता, त्याच्या मुळाशी ५६३२ गुणिले २०४८ ठिपक्यांची एक बीएमपी फाइल (रंग जसेच्या तसे साठवणारी चित्रफाइल) असते. तिच्यातील प्रत्येक प्रॉव्हिन्स (नकाशावरचा स्वतंत्र छोटा प्रदेश) एका विशिष्ट रंगाने भरलेला असतो आणि त्या रंगाचे लाल, हिरव्या व निळ्या घटकांचे आकडे एका स्वतंत्र यादीत प्रॉव्हिन्सच्या क्रमांकासमोर नोंदवलेले असतात. खेळ प्रॉव्हिन्स ओळखतो तो केवळ या आकड्यांवरून. डोळ्यांना दोन छटा सारख्याच वाटल्या, तरी आकडा एकाने जरी बदलला की खेळाच्या दृष्टीने तो वेगळा रंग होतो, आणि यादीत नसलेल्या रंगाचा ठिपका कोणत्याच प्रॉव्हिन्सचा राहत नाही.

नेमकी येथेच चूक होते. ग्राहक घरी जव्हारची हद्द रंगवतात आणि ती फाइल आम्हाला व्हॉट्सअॅपवर फोटो म्हणून पाठवतात. व्हॉट्सअॅप ती लहान करून जेपीईजीमध्ये बदलते. जेपीईजी पद्धत चित्राचे आठ गुणिले आठ ठिपक्यांचे चौकोन पाडून त्यांतील रंग अंदाजे साठवते, त्यामुळे दोन प्रॉव्हिन्सच्या सीमेवर अनेक अधल्यामधल्या छटा तयार होतात. अशी फाइल पुन्हा बीएमपी म्हणून साठवली किंवा तिचे नाव बदलले, तरी हरवलेले रंग परत येत नाहीत. मऊ कडांच्या ब्रशने रंगवल्यासही हाच परिणाम होतो. यासाठी चित्र रंगवण्याच्या गिंपसारख्या प्रोग्राममधील पेन्सिल टूल वापरावे, फाइल २४ बिट बीएमपी म्हणूनच साठवावी आणि व्हॉट्सअॅपवर पाठवायचीच असेल तर झिप करून ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवावी.

पाठवण्यापूर्वी एक खात्री आपण स्वतः करू शकता. विंडोजमध्ये फाइलीवर राइट क्लिक करून प्रॉपर्टीज उघडल्यास आकार सुमारे ३३ एमबी दिसला पाहिजे. तो दोन-तीन एमबी दिसला, तर ती फाइल निश्चितच कामाची नाही. आकार बरोबर असूनही रंग बिघडलेले असू शकतात, त्यामुळे मूळ नकाशाची एक न हाताळलेली प्रत शेजारी ठेवणे आवश्यक आहे.

याहून महत्त्वाची गोष्ट अशी, की बहुतेक वेळा नकाशाला हात लावण्याची गरजच नसते. अस्तित्वात असलेला एखादा प्रॉव्हिन्स नव्या राज्याकडे सोपवणे हे कितीतरी सोपे काम आहे. त्यासाठी तीन अक्षरी टॅग (राज्याची संक्षिप्त खूण), राज्याचा रंग, राजधानीचा क्रमांक, शासनप्रकार, संस्कृती, धर्म आणि टीजीए या चित्रफाइलीच्या स्वरूपातील १२८ गुणिले १२८ ठिपक्यांचे निशाण एवढे ठरले, आणि प्रॉव्हिन्सच्या इतिहास-फाइलीत ओनर (मालक), कंट्रोलर (प्रत्यक्ष ताबा असणारा) व कोअर (कायम हक्क असणारा) या तिन्ही ओळींत नवा टॅग लिहिला, की राज्य उभे राहते. यांपैकी केवळ ओनर बदलून कंट्रोलर जुनाच ठेवल्यास आपले राज्य पहिल्याच दिवशी परक्याच्या ताब्यात दिसते. हद्द खरोखरच वेगळी हवी असेल, तेव्हाच प्रॉव्हिन्सचे विभाजन करावे. त्या वेळी आम्ही मूळ प्रॉव्हिन्सचे डेव्हलपमेंट (त्याचे उत्पन्न ठरवणारे विकासाचे आकडे) दोन्ही भागांत वाटून देतो, वरून वाढवून देत नाही. जव्हारला गुजरातच्या सुलतानांच्या तोडीचे उत्पन्न दिले तर खेळ इतिहासाचा राहत नाही, असे आमचे प्रामाणिक मत आहे.

आम्ही तारखेचा आग्रह का धरतो, असेही विचारले जाते. खेळ ११ नोव्हेंबर १४४४ रोजी सुरू होतो, म्हणून त्या दिवशी ते राज्य कोणाच्या हाती होते, हे ठरवल्याशिवाय फाइल लिहिता येत नाही. जव्हारच्या राज्याची स्थापना चौदाव्या शतकातली मानली जाते, त्यामुळे ते आरंभापासून ठेवता येते. बागलाण मोगलांनी १६३८ मध्ये जिंकले, तेव्हा त्यानंतरच्या तारखेपासून सुरू होणाऱ्या खेळासाठी मोगलांची नोंद तारखेसह करावी लागते. ग्राहकांनी १८८३ च्या नाशिक जिल्हा गॅझेटिअरमधील संबंधित पाने सोबत आणल्यास आमचे काम निम्मे होते.

नवे राज्य जुन्या सेव्हमध्ये (आधी साठवून ठेवलेल्या खेळात) दिसत नाही, हा दोष नाही. या फाइली नवा खेळ सुरू करतानाच वाचल्या जातात.

तयार मॉड (खेळात असे बदल करणाऱ्या फाइलींचा संच) आम्ही विकत नाही. ते ग्राहकाचेच राहते. शुल्क फाइलींच्या तपासणीचे आणि शिकवण्याच्या वेळेचे आहे, व ते काम पाहूनच सांगितले जाते. नकाशा न बदलता होणारे काम साहजिकच कमी खर्चात होते, म्हणून रंगवायला बसण्यापूर्वी एकदा विचारणा करावी. फाइली पेनड्राइव्हवर घेऊन प्रत्यक्ष आल्यास तपासणी आपल्यासमोरच केली जाईल, आणि मूळ नकाशाची प्रत सोबत असेल तर त्याच कामाच्या दुसऱ्या तपासणीचे वेगळे शुल्क घेतले जाणार नाही.