घसरण आणि चाळण

पुण्याच्या जुन्या बाजारात एका रविवारी उकिडवा बसून लाखेच्या जुन्या रेकॉर्डी उलटत होतो. बोटं काळी झाली. वीस-बावीस पाहिल्या असतील, त्यातली तीन गाणी ओळखीची निघाली. बाकीची कुणी गायली, कुणी ऐकली, देव जाणे. विक्रेता म्हणाला, "घ्या साहेब, जुनं ते सोनं." ढिगाकडे बघून तसं काही वाटत नव्हतं.

"हल्लीची गाणी म्हणजे नुसता गोंगाट" हे वाक्य आपल्याकडे दर लग्नात एक तरी काका म्हणतातच. त्यात दोन वेगळ्या गोष्टींची गल्लत होते. घसरण म्हणजे नव्या मालाचा कस उतरणं. चाळण म्हणजे जुन्या मालातली खडे-माती काळाच्या ओघात गळून जाणं. परिणाम हुबेहूब सारखा दिसतो: जुनं सरस, नवं सुमार. पण घसरण आजच्या गाण्यात घडते, चाळण कालच्या. काका चाळून घेतलेला 1955 सालचा गहू आज सकाळी गाडीतून उतरलेल्या पोत्याशी ताडून बघत असतात.

त्या 1955 च्या सुमाराला लोक काय म्हणत होते, ते बघा. केंद्रात माहिती आणि नभोवाणी खातं सांभाळत होते बाळकृष्ण विश्वनाथ केसकर, आपलेच मराठी गृहस्थ. चित्रपटसंगीत उथळ आणि पाश्चात्त्य वळणाचं झालंय, असं त्यांचं मत. 1952 मध्ये आकाशवाणीवरून सिनेमाची गाणी जवळजवळ हद्दपारच झाली. श्रोते सरळ रेडिओ सिलोनकडे वळले आणि त्याच वर्षाच्या डिसेंबरात तिथे अमीन सयानींची बिनाका गीतमाला सुरू झाली. शेवटी 1957 मध्ये सरकारला सिनेमाची गाणी वाजवणारी विविध भारती काढावी लागली. म्हणजे आज आपण ज्याला सुवर्णकाळ म्हणतो, त्याच्या ऐन मध्यावर एका जाणत्या माणसाला घसरण दिसत होती. त्याच काळात, 1 एप्रिल 1955 ला, पुणे आकाशवाणीवर गीतरामायण सुरू झालं. छप्पन गाणी, वर्षभर, आठवड्याला एक. आपल्याला नेमकं तेच आठवतं, कारण चाळणीवर तेच राहिलं.

"तेव्हा सगळं अस्सल होतं, आता यंत्रं गातात" हेही तितकंसं खरं नाही. 1954 च्या 'नागिन'मधली बीन कुठल्या गारुड्याची नव्हती, क्लाव्हिओलीन नावाच्या विजेवर चालणाऱ्या वाद्यावर कल्याणजींनी ती वाजवली होती. पुणतांब्याच्या सी. रामचंद्रांच्या 'अलबेला'त पाश्चात्त्य नाचाचे ठेके आहेत आणि मदतीला गोव्याचा ट्रम्पेटवादक चिक चॉकलेट. केसकर चिडायचे ते याच वळणावर. आज तीच गाणी काका डोळे मिटून ऐकतात!

ही गल्लत संशोधनातही शिरते. 2012 मध्ये स्पेनच्या काही संशोधकांनी 1955 ते 2010 मधली साडेचार लाखांहून अधिक गाणी संगणकाला तपासायला लावली. निष्कर्ष असा: सुरांच्या वाटा कमी झाल्या, वाद्यांचे नाद एकसारखे झाले, आवाज चढला. काकांना हवं होतं तेच. पण तो साठा 2011 च्या आसपास जमवलेला, म्हणजे जुन्यातलं जे तोवर हाताशी उरलं होतं तेच त्यात येणार. 2015 मध्ये लंडनच्या संशोधकांनी वेगळा रस्ता धरला. अमेरिकेच्या बिलबोर्ड या लोकप्रिय गाण्यांच्या यादीतली 1960 ते 2010 ची सुमारे सतरा हजार गाणी घेतली. ही यादी त्या-त्या आठवड्याची, नंतरच्या आठवणींनी न चाळलेली. त्यात वैविध्य सतत घटत गेल्याचं काही दिसलं नाही. ऐंशीच्या दशकात ते ओसरलं आणि पुन्हा वाढलं.

मग घसरण कुठेच नाही? आहे की. गाण्यातला हळू आणि मोठा आवाज यांतला फरक दाबून सगळं एकाच उंचीवर आणायची पद्धत गेल्या काही दशकांत बोकाळली. कान शिणतात ते त्यामुळेही. दुसरं नुकसान मला जास्त लागतं. मुंबईच्या स्टुडिओत व्हायोलिनवाल्यांच्या रांगाच्या रांगा बसायच्या, अँथनी गोन्साल्विस, सेबॅस्टियन डिसूझा यांच्यासारखी गोवेकर मंडळी त्यांच्यासाठी स्वरलेखन करायची. सिंथेसायझर आला, मग संगणक, आणि तो धंदाच आटला. इथे चाळणीचा संबंध नाही. माणसं खरंच घरी बसली. 2016 मध्ये 'सैराट'साठी अजय-अतुलना मोठा वाद्यवृंद हवा होता, तर त्याचं ध्वनिमुद्रण लॉस एंजेलिसला झालं. आणि त्याच 'सैराट'वर गोंगाटाचा शिक्का मारणारेही भेटतात.

आणखी एक भानगड वयाची. विशी-बाविशीत ऐकलेलं गाणं माणसाला सहसा जन्मभर गोड लागतं. हे ना गाण्यात घडतं, ना काळात, म्हणून तो मुद्दा मी इथे फार ताणत नाही.

ताडून बघायचंच तर एखाद्या जुन्या आठवड्यातली सगळी गाणी घ्यायची, फक्त आवडती नव्हेत. त्या रविवारी मी मुद्दाम एक अनोळखी रेकॉर्ड घेतली. मित्राकडे फोनो आहे, तिथे लावली. तीन मिनिटं खरखर, तिच्याआडून एक बाई मनापासून गात होत्या. चाल ठीकठाक होती. मित्र म्हणाला, "दुसरी बाजू लावू?" मी म्हटलं, "नको, चहा टाक."