रोमन सोन्याचं नाणं दाखवताना: नुसता छापा पाठवू नका

'नाणं रोमन आहे, फोटो पाठवलाय, किती येतील?' असा मेसेज दिवसाआड येतो. फोटो एकच, तोही फ्लॅश मारलेला: राजाचं डोकं आणि त्यावर पानांची माळ. मग आम्ही काट्याची बाजू आणि वजन मागवतो. त्यातच दोन-तीन दिवस जातात.

रोमन सम्राट तिबेरियसचा (कारकीर्द इ.स. 14 ते 37) ऑरियस, म्हणजे सोन्याचं नाणं, घ्या. छाप्यावर राजा. काट्यावर खुर्चीत बसलेली स्त्री, एका हातात उभा दंड, दुसऱ्यात डहाळी, आणि 'पोंटिफ मॅक्सिम' म्हणजे मुख्य पुरोहित, ही राजाची पदवी. स्त्री म्हणजे राजमाता लिव्हिया, असं बरेच जण मानतात. काहींना ती शांतिदेवता वाटते. खुर्चीचे पाय साधे की नक्षीदार, यावरूनही नाण्याचा प्रकार ठरतो. मग सांगा, नुसत्या डोक्यावरून आम्ही काय ओळखणार?

शिवाय हेच चित्र त्याच्या चांदीच्या दिनारावरही आहे. त्यावर सोन्याचा मुलामा चढवला की फोटोत फरक कळत नाही. वजनात मात्र लगेच कळतो: ऑरियस साधारण 7.7 ग्रॅम, दिनार त्याच्या निम्म्याच्या आसपास.

वजन जुळलं तरी आम्ही नाणं दोऱ्याने पाण्यात लोंबकळवून पुन्हा तोलतो. चोख सोन्याचं 7.7 ग्रॅमचं नाणं पाण्यात 0.4 ग्रॅमने हलकं भरतं, मुलामा दिलेलं पितळ जवळजवळ 0.9 ने. या तपासणीची फी आगाऊ असते. नाणं खोटं निघालं तरी ती परत मिळत नाही, कारण खोटं ठरवायलाही वेळ तेवढाच लागतो. विक्री आमच्यामार्फत केलीत, तर ही फी हिशेबात वळती करतो.

राजाच्या तोंडावर छिन्नीचा घाव असला तर घाबरू नका. 1898 मध्ये तमिळनाडूतल्या पुदुकोट्टईजवळ 501 ऑरियस सापडले, त्यातल्या बहुतेकांवर असाच घाव आहे. आजीच्या माळेतली पुतळी मात्र रोमन नव्हे. तिचं मूळ व्हेनिसच्या डुकाट या साडेतीन ग्रॅमच्या सोन्याच्या नाण्यात आहे. तीही आम्ही आनंदाने पाहतो.

जमिनीत सापडलेलं नाणं आमच्याकडे आणू नका. 1878 च्या कायद्याने ते आधी जिल्हाधिकाऱ्यांना कळवावं लागतं.

आणि कृपा करून रिठ्याने, टूथपेस्टने घासून आणू नका. आहे तसं, कागदाच्या पुडीत आणा.